रोज हाताशी लागणाऱ्या स्क्रिप्टा: तुमच्या बिन फोल्डरात काय काय पडलंय?

अर्धविराम (कोथरूड), सोमवार रात्री १०:१४

प्रत्येक डेव्हलपरच्या होममध्ये बिन नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात 'टेस्ट२', 'फायनल', 'फायनल_खरं' असल्या नावांच्या स्क्रिप्टा, म्हणजे ओळीने कमांडा लिहिलेल्या फायली, असतात. कंपनी बदलते, लॅपटॉप बदलतो, पण त्या चार-दोन फायली काही सुटत नाहीत. त्या इथे एकत्र कराव्यात म्हणून हा धागा.

एकच विनंती. कोड इथे चिकटवू नका. आपल्या संपादकात सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि लागोपाठच्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते. अशी कमांड उचलून टर्मिनलवर टाकली की ती चालत नाही, आणि चालली तर आणखी वाईट. त्यामुळे काय साधायचं आहे, कोणती कमांड, कोणता पर्याय आणि मुख्य म्हणजे ती कुठे फसते, ते शब्दांत लिहा. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) सगळ्यांकडे आहे.

सुरुवात माझ्याकडून. डिस्क भरली म्हणून फोन येतो. डीएफ (डिस्कवरची जागा सांगणारी कमांड) सांगतं शंभर टक्के भरली, डीयूने (फायलींचे आकार मोजणारी कमांड) बेरीज केली तर निम्मी रिकामी. माणूस चक्रावतो. होतं असं, की कुणीतरी मोठी लॉग फाइल (नोंदींची फाइल) आरएम या कमांडने उडवलेली असते, पण ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडून ठेवली आहे ती अजून जिवंत असते. नाव गेलं तरी जागा सुटत नाही. एलएसओएफला (उघड्या फायलींची यादी देणारी कमांड) 'अधिक एल१' हा पर्याय दिला की अशा बेवारस फायली प्रोसेसच्या नावासकट समोर येतात. त्या प्रोसेसला रीस्टार्ट करा, किंवा ते शक्य नसेल तर प्रॉक फोल्डराखालच्या तिच्या एफडीत (उघड्या फाइलच्या दुव्यात) रिकामं लिहून फाइल शून्य करा. आणि इथून पुढे चालू लॉग आरएम करण्याऐवजी ट्रंकेट (रिकामा) करा. माझी स्क्रिप्ट एवढंच करते: डीएफ आणि डीयूतला फरक काढते, तो फार असेल तर एलएसओएफची यादी आकाराप्रमाणे लावून दाखवते. स्वतःहून काहीही उडवत नाही. उडवणारी स्क्रिप्ट मी बिनमध्ये ठेवत नाही.

फेज३ (हिंजवडी), सोमवार रात्री १०:३१

बस भूमकर चौकात उभी आहे तोवर लिहून टाकतो. दादा, धागा चांगलाय, पण आता याची गरज आहे का? एआयला विचारलं की दहा सेकंदांत स्क्रिप्ट मिळते, वर कॉमेंटा लिहून. चोप्य पस्ते, काम खल्लास. दिवे घ्या.

रात्रपाळी (खराडी), सोमवार रात्री ११:०५

घेतले दिवे. आता क्रॉनबद्दल (ठरल्या वेळी कमांडा चालवणाऱ्या सोयीबद्दल) लिहितो, कारण रात्री मला उठवणाऱ्या फोनांत क्रॉनचा वाटा मोठा आहे.

पहिली गोष्ट, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे १८:३०. दैनंदिन कामात हे खपून जातं. फसतं ते महिन्याच्या १ तारखेला. पहाटे दोनला 'चालू महिन्याचा' हिशोब करणारी स्क्रिप्ट चालली तर सर्व्हरच्या लेखी अजून मागच्या महिन्याची शेवटची तारीखच असते, आणि अहवाल मागच्या महिन्याच्या नावावर निघतो. स्क्रिप्टच्या डोक्यावर टीझेड (वेळक्षेत्र) हे व्हेरिएबल आशिया/कोलकाता असं स्पष्ट लिहा. क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकात) वेळक्षेत्र देण्याची सोय सगळ्या क्रॉनांत नसते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या टाइमरमध्ये मात्र वेळेपुढे क्षेत्र लिहिता येतं.

दुसरी, 'मागचा महिना'. ग्नू डेट या कमांडला ३१ मार्चला 'एक महिना आधी' विचाराल तर ते ३१ फेब्रुवारी काढायला जातं, अशी तारीख नाही म्हणून पुढे सरकतं आणि मार्चमध्येच येऊन बसतं. कित्येक महिने बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट एखाद्या महिन्यात अचानक का बिघडली याचं उत्तर बहुतेकदा हेच. उपाय सोपा: आधी चालू महिन्याची १५ तारीख धरा, मग एक महिना वजा करा.

तिसरी, टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का म्हणजे नवी ओळ. तारखेचं नाव असलेली बॅकअप फाइल टर्मिनलवर नीट बनते आणि क्रॉनमधून बनत नाही, कारण ओळ टक्क्यापाशीच तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे सगळं स्क्रिप्टमध्ये टाका आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पूर्ण पत्ता लिहा. पूर्ण पत्ता अशासाठी की क्रॉनचा पाथ (कमांडा शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तुटपुंजा असतो.

आणि फ्लॉक, म्हणजे कुलूप लावणारी कमांड. दर पाच मिनिटांनी चालणारं काम एखाद्या दिवशी सात मिनिटं घेतं. दुसरं सुरू होतं, तिसरं सुरू होतं, सगळी एकाच टेबलावर तुटून पडतात. फ्लॉकला 'वजा एन' देऊन एक कुलूपफाइल द्या. आधीचं चालू असेल तर नवं गुपचूप परत जातं. एका ओळीचं काम आहे.

@फेज३, यातलं एकही एआयला माहीत नाही असं नाही. पण तुम्ही विचारता 'रोज रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट दे'. सर्व्हर कुठल्या वेळेवर आहे हे तुम्ही सांगत नाही आणि ते विचारत नाही.

टेबलस्पेस (शिवाजीनगर), मंगळवार सकाळी ९:२०

रात्रपाळींना अनुमोदन. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझ्याकडच्या स्क्रिप्टा एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या भाषेतल्या), आणि सगळ्यांचा गाभा एकच: हात आवरणे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला 'सेफ अपडेट्स' असा पर्याय आहे. तो लावला की किल्लीवरची (की असलेल्या स्तंभावरची) अट किंवा लिमिट नसलेलं अपडेट आणि डिलीट तो चालवतच नाही. त्याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव 'आय ॲम अ डमी' आहे. मी ते कॉन्फिग फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवलंय आणि आमच्या टीममध्ये जॉइन होणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर पहिल्या दिवशी लिहायला लावते. एक लक्षात ठेवा, त्यासोबत सिलेक्टवरही १,००० ओळींची मर्यादा येते. 'ताई, डेटा गायब झाला' म्हणून धावत येऊ नका.

पोस्टग्रेसवाल्यांनी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसच्या क्लायंटमध्ये) ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच कायम करणं) बंद करावं. अपडेट मारा, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचा, अपेक्षेइतका असेल तरच कमिट.

इथे एक फरक भल्याभल्यांना ठाऊक नसतो. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञाही व्यवहाराच्या आत राहते, रोलबॅक केला की मागे जाते. मायएसक्यूएलमध्ये आल्टर किंवा ट्रंकेट मारलं की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. म्हणजे मायग्रेशनच्या (रचना बदलण्याच्या) स्क्रिप्टला वर 'बिगिन' आणि खाली 'रोलबॅक' लावून ती निर्धोक झाली असं समजणारे लोक कुठल्या डेटाबेसवर बसलेत ते त्यांनी आधी पाहावं.

लाखो जुन्या ओळी काढायच्या तर एका डिलीटने काढू नका. काही हजारांचे घास करा, दर घासानंतर कमिट, मध्ये थोडी झोप. रेप्लिका (डेटाबेसची दुसरी प्रत) मागे पडत नाही आणि ऑफिसात आरडाओरडा होत नाही.

नवशिका (वाकड), मंगळवार दुपारी १:०२

सगळ्यांना नमस्कार. मी नोकरीला नुकताच लागलोय. आमच्या सिनियरनी सांगितलं की शेल स्क्रिप्टच्या वर 'सेट वजा ई' लिहिलं की झालं. तेवढ्याने भागतं का?

अर्धविराम (कोथरूड), मंगळवार दुपारी १:४०

नाही भागत. 'ई' म्हणजे कमांड फसली की थांब. पण पाइपमध्ये (एका कमांडचं उत्तर पुढचीला देताना) शेवटची कमांड नीट चालली तर आधीची फसलेली त्याला दिसत नाही. डंप (डेटाबेसची प्रत) काढून जीझिपमध्ये (फाइल दाबणाऱ्या कमांडमध्ये) सोडलात, डंप फसला, जीझिप मात्र नीट चाललं: हातात येते छान दाबलेली रिकामी फाइल. त्यासाठी 'पाइपफेल'. आणि 'यू', म्हणजे किंमत न दिलेलं व्हेरिएबल दिसलं की थांब. तिन्ही एकत्र लिहायची सवय लाव. त्यातही 'इफ'च्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत 'ई' लागू होत नाही, ते फार जणांना चकवतं.

'यू' का? आरएम आरएफच्या पुढे फोल्डरचं व्हेरिएबल, मग तिरकी रेघ, मग तारा असं लिहिलंय आणि व्हेरिएबल रिकामं आहे, तर उरतं काय? मुळापासूनचं सगळं. 'यू'मुळे न दिलेलं व्हेरिएबल पकडलं जातं, पण दिलेलं आणि रिकामं असलेलं सुटतं. म्हणून अशा ठिकाणी महिरपी कंसात नावानंतर विसर्गासारखे दोन ठिपके आणि प्रश्नचिन्ह लिहायचं. रिकामं असेल तरीही शेल तिथेच थांबतो.

तात्पुरत्या फायलींसाठी एमकेटेम्प, आणि ट्रॅपमध्ये एक्झिटवर (स्क्रिप्ट संपताना) त्यांची साफसफाई. शेवटी शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवून बघ. तो सिनियरपेक्षा कमी रागावतो.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ), मंगळवार रात्री ९:५५

वरचं सगळं जगात कुठेही मिळेल. जे मिळत नाही ते लिहितो: मराठी मजकुराच्या स्क्रिप्टा.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची, छापखान्यांची कामं मी करतो. तीस-तीस वर्षांच्या पुस्तकांच्या फायली श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश असल्या फॉन्टांत पडलेल्या आहेत. आत खरं तर इंग्रजी अक्षरांचे सांकेतांक असतात, फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की उरते गिचमीड. गंमत अशी, की भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतप्रणाली, इस्की, १९९१ मध्येच मानक झाली होती, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. सीडॅक ही सरकारी संगणक संस्था इथे आपल्याच गावात. तरी छपाईचं जग फॉन्टांच्या वाटेने गेलं, कारण तेव्हाच्या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरांत तेच चालत होतं.

रूपांतराची स्क्रिप्ट म्हणजे नुसता बदलीचा तक्ता असा समज आहे. तक्ता हा सोपा भाग. त्यात दोन पथ्यं: लांब जोड्या आधी बदलायच्या, सुटी चिन्हं नंतर, आणि फॉन्टचं नाव पाहून प्रत्येक तुकडा वेगळा करायचा, नाहीतर परिच्छेदात मध्येच आलेला इंग्रजी शब्दही 'मराठी' होऊन बसतो.

खरी मारामारी क्रमाची. या फॉन्टांत जे दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी, तीही एका व्यंजनानंतर नव्हे तर अख्ख्या जोडाक्षरानंतर. 'शिक्षिका'मधली दुसरी वेलांटी क आणि ष दोन्ही ओलांडून न्यावी लागते. रफाराचं याच्या उलट. 'कीर्ती'तला रफार 'ती'नंतर साठवलेला असतो, तो उचलून त च्या आधी 'र्' म्हणून बसवायचा, आणि वाटेत लागणारी दीर्घ वेलांटी ओलांडायची. काही फॉन्टांत दीर्घ वेलांटी आणि रफार मिळून एकच चिन्ह असतं, ते आधी फोडून घ्यायचं. मी तक्ता, वेलांटी, रफार या क्रमाने तीन फेऱ्या करतो. एकाच रेगेक्सात (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात) सगळं बसवायच्या फंदात पडू नका, दुसऱ्या दिवशी स्वतःलाच वाचता येत नाही.

इतकं करून मजकूर डोळ्यांना बरोबर दिसतो आणि शोध लागत नाही. का? 'कऱ्हाडे' घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याचा (खाली ठिपका असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह). दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह. दिसायला तंतोतंत एक, बाइटांत वेगळे. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. मतदारयादी असो की ग्रंथालयाची सूची, अर्धे कऱ्हाडे सापडतात आणि अर्धे नाहीत. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) लावून हे सुटत नाही. एनएफसी साधा र अधिक सुटा नुक्ता यांचा ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार त्याच्या लेखी निराळाच शब्द आहे. तो स्वतः बदलावा लागतो.

तसंच 'ॲ'चं. या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला. 'ऑ'च्या जागी आ वर चंद्र दिलेली 'आॅफिसं' तर वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांवर शेकड्याने सापडतील. हे दोन्ही एनएफसीच्या कक्षेबाहेर.

माझी स्क्रिप्ट या तिन्ही बदल्या करून मग एनएफसी लावते. मूळ मजकुराला मात्र हात लावत नाही, शोधासाठी वेगळा स्तंभ बनवते. त्या स्तंभातून अदृश्य जोडचिन्हं सरसकट काढली तरी चालतं. मूळ मजकुरातून काढलीत तर पाय मोडलेले शब्द जोडाक्षरं होऊन बसतील आणि लेखक तुम्हाला शोधत येईल.

बाणेर_फ्रंटएंड, मंगळवार रात्री १०:४८

लैच भारी! हे कुठेतरी एकत्र हवंच होतं. माझी भर जावास्क्रिप्टवाल्यांसाठी.

'ज्ञानेश्वर' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं १०. माणूस मोजतो चार: ज्ञा, ने, श्व, र. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) ३० बाइट, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणून 'नाव पहिल्या ८ अक्षरांत छाटा' असं लिहिलं की श नंतर लोंबणारा हलन्त राहतो. छाटायचं असेल तर इंटल सेगमेंटर (शब्द अक्षरांत तोडणारी जावास्क्रिप्टची सोय) वापरा. त्यातही जुन्या ब्राउझरांत ज्ञ चे दोन तुकडे होतात, कारण जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला.

एसएमएस पाठवणाऱ्यांनो, इंग्रजीत १६० अक्षरं, मराठीत ७०. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. आणि इथली अक्षरं म्हणजे वरची १० वाली, चार वाली नव्हेत. 'आपली ऑर्डर निघाली आहे'चं बिल का वाढलं हे मॅनेजरला समजावताना हा आकडा उपयोगी पडतो.

अंकांचं उलटं. जावास्क्रिप्टच्या नंबरफॉरमॅटला मराठी लोकेल (भाषेची निवड) दिलं की १२,३४,५६७ असं देवनागरीत, लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसकट येतं. पण हे आकडे फॉर्ममध्ये परत आले की जावास्क्रिप्टचा अंकांचा रेगेक्स त्यांना ओळखत नाही. पायथन ३ मध्ये तोच रेगेक्स ओळखतो आणि 'इंट'ही १२३चा नीट आकडा करतं. म्हणजे बॅकएंडला जे चालतं ते फ्रंटएंड नाकारतं आणि दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर. फॉर्ममध्ये ० ते ९ चे सरळ दहा बदल करून टाका, वाद नको.

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ), मंगळवार रात्री ११:१०

पायथनला इतकं डोक्यावर घेऊ नका. त्याच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये 'शब्दातलं अक्षर' या चिन्हात काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त बसत नाहीत. 'मराठी'तले शब्द मोजायला लावलेत तर दोन भरतात, 'मर' आणि 'ठ'. त्यासाठी वेगळं मिळणारं रेगेक्स नावाचं पॅकेज घ्या, ते मात्रा धरून मोजतं.

आणखी एक आठवलं. विसर्गाच्या जागी कोलन. 'दु:ख', 'अंत:करण' असं सर्रास टंकलेलं असतं. दोन्हीकडे देवनागरी अक्षर असेल तर कोलनचा विसर्ग करणारी बदली निर्धास्त चालवा. शब्दाच्या शेवटी मात्र थांबा. 'टीप:' यातला कोलन कोलनच आहे आणि 'विशेषत:' यातला विसर्ग हवा. तिथे नियम चालत नाही, यादी लागते. स्वतः, विशेषतः, सामान्यतः, मुख्यतः, प्रायः असे शब्द माझ्या यादीत आहेत. यादी वाढतच असते.

फेज३ (हिंजवडी), बुधवार सकाळी ८:५०

पटत नव्हतं म्हणून करून पाहिलं. एआयला सांगितलं, 'या नावांच्या यादीतली विशेष चिन्हं काढणारी पायथन स्क्रिप्ट दे'. सुबक दिली, कॉमेंटा, फंक्शनं, सगळं. यादीवर चालवली. 'कुलकर्णी'चे 'कलकरण' झाले. 'देशपांडे' 'दशपड'. एरर शून्य.

रात्रपाळी (खराडी), बुधवार सकाळी ९:१५

श्री. दशपड यांना आमचा नमस्कार सांगा.

थट्टा बाजूला. एरर शून्य, हेच तर. फसली असती तर तुम्ही पाहिलं असतं. बाहेरून आणलेली स्क्रिप्ट, मग ती एआयची असो, या धाग्यावरची असो की सिनियरची, आधी चार-पाच ओळींवर चालवा, आणि त्या ओळी मुद्दाम वाकड्या निवडा: एक कऱ्हाडे, एक ज्ञानेश्वर, एक रिकामी ओळ, एक नाव ज्यात इमोजी आहे. इमोजी यासाठी की मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' तीनच बाइटांपर्यंत जातं. मराठी त्यात बिनतक्रार बसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. एके दिवशी ग्राहक नावापुढे फूल टाकतो आणि इन्सर्ट फुटतो. स्तंभ यूटीएफ८एमबी४ करा.

अजून एक. एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतं. तसं नाव कुणी मुद्दाम नोंदवून आत भलतंच भरून ठेवू शकतं. इन्स्टॉल करण्याआधी पॅकेजचं पान उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो.

टेबलस्पेस (शिवाजीनगर), बुधवार सकाळी ११:३०

अर्धविरामराव, तुमच्या पहिल्या परिच्छेदावर आक्षेप आहे. 'कंपनी बदलते पण फायली सुटत नाहीत' हे चारचौघांत लिहू नये. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम १७: नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. बिन फोल्डरातलं 'फायनल_खरं' कुणाचं हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यात कंपनीच्या सर्व्हरची नावं, पासवर्ड असतील तर विचारायलाच नको.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचलता तेही फुकट म्हणजे मोकाट नव्हे. मे २०१८ पासून तिथे लिहिलेलं सीसी बाय-एसए ४.० या परवान्याखाली आहे. मूळ उत्तराचा दुवा कॉमेंटमध्ये लिहा. परवान्याचं राहू द्या, सहा महिन्यांनी तुम्हालाच तो दुवा हवा असतो.

अर्धविराम (कोथरूड), बुधवार दुपारी १२:०५

आक्षेप मान्य, पण थोडाच. माझ्या बिनमध्ये जे आहे ते घरच्या मशीनवर, घरच्या वेळात, पुन्हा लिहिलेलं आहे. डोक्यातली युक्ती कुठल्याही कंपनीच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. म्हणूनही इथे कोड न टाकता शब्दांत सांगायला सांगितलं. तुमच्या पासवर्डच्या मुद्द्याला मात्र पुरवणी: चुकून गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेलेली किल्ली इतिहासातून खोडत बसू नका, आधी ती रद्द करून नवी घ्या. खोडणं नंतर. पुष्कळ लोक याच्या नेमकं उलट करतात.

नवशिका (वाकड), बुधवार सायंकाळी ६:२०

मला एका फॉर्मसाठी जीएसटी क्रमांक आणि आधार तपासायचंय. नेटवर मिळालेला रेगेक्स पुरेसा आहे का?

रात्रपाळी (खराडी), बुधवार सायंकाळी ६:५८

रेगेक्स फक्त सांगाडा पाहतो. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा: पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, पुढची १० पॅन, मग त्या पॅनवरच्या नोंदणीचा क्रम, मग सहसा झेड, आणि शेवटचं तपासणीचं चिन्ह. ते ३६च्या पायावर काढतात, कारण १० अंक आणि २६ अक्षरं. ते गणित लिहिलंस तर टंकताना झालेल्या बहुतेक चुका सर्व्हरपर्यंत जातच नाहीत. आतल्या पॅनचं चौथं अक्षर व्यक्ती की कंपनी ते सांगतं, पी म्हणजे व्यक्ती.

आधारचा बारावा अंक व्हरहोफ पद्धतीचा, १९६९ साली मांडलेली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती हमखास पकडते. दोन छोटे तक्ते, वीस-पंचवीस ओळींचं काम. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही हेही तपास. पण अंक जुळले म्हणजे असा आधार क्रमांक खरंच कुणाचा आहे असं नव्हे. आणि तो क्रमांक तुला साठवायचा का आहे ते आधी तुझ्या मॅनेजरला विचार. लॉगमध्ये तर शेवटचे चार अंक सोडून काही दिसता कामा नये.

ता. क. ही यादी कुणाला एक्सेलमध्ये देणार असशील तर सीएसव्ही लिहिताना पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग घे, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांची रांगोळी दिसते. बँकेचे लांब खातेक्रमांक मजकूर म्हणूनच दे. एक्सेल १५ अंकांपलीकडे शून्य भरतं.

नवशिका (वाकड), गुरुवार सकाळी १०:१०

धन्यवाद दादा! अजून एक, शेवटचं. आमच्या सोसायटीची नावांची यादी पोस्टग्रेसमध्ये आहे, ती आडनावाप्रमाणे लावली तर 'क्षीरसागर' क मध्ये येतात. अध्यक्षांचं म्हणणं, क्ष शेवटी हवा. क्रम स्वतः लिहावा लागेल का?

मुद्रितशोधक (सदाशिव पेठ), गुरुवार सकाळी १०:४५

अध्यक्ष वर्णमालेने चाललेत, बरोबर आहेत. तू सांकेतांकांच्या क्रमाने लावतोयस, तिथे क्ष म्हणजे क, हलन्त, ष. ळ सुद्धा त्यात ल च्या शेजारी बसतो, आपल्याकडे तो ह नंतर. स्वतः लिहू नकोस, आयसीयूचं (युनिकोडच्या लायब्ररीचं) मराठी कोलेशन (क्रमाचे नियम) पोस्टग्रेसमध्ये असतं, एमआर-एक्स-आयसीयू या नावाने. ऑर्डर बायच्या पुढे ते दे. ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट मिळेल. आधी मात्र वर लिहिलेली सफाई कर, नाहीतर कऱ्हाडे पुन्हा दोन ठिकाणी दिसतील.

टेबलस्पेस (शिवाजीनगर), गुरुवार सकाळी ११:००

आणि त्या कोलेशनवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) केलास तर लक्षात ठेव: सर्व्हरवर आयसीयूची आवृत्ती बदलली की क्रमाचे नियम बदलू शकतात, जुना इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतो. पोस्टग्रेस आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा देतं, तो वाच. मग रीइंडेक्स कर, कनकरंटली (बाकीचं काम चालू ठेवून) लिहून, आणि भर दुपारी बारा वाजता नको.